चप्पल आहे का अजून?

मामाने स्वतःहून फोन केला हीच मुळात नवलाची गोष्ट होती. तो फोन उचलतो, पण कधी करत नाही.

"कामात आहेस का?"

होते. पण मामाला तसं सांगायला जीभ रेटेना.

"काही घाई नाही गं. तो गेम बंद करायचाय. कायमचा. बटण कुठे लपवून ठेवलंय कळत नाही. सवडीने ये कधीतरी."

मामाचं 'सवडीने' म्हणजे 'आत्ता', हे आमच्या घरात फक्त मला कळतं. आईला सांगितलं तर तिने वर बघून हात जोडले. "सुटला एकदाचा!" आई ही मामाची थोरली बहीण. मामाचं काहीही सुटलं की तिला बरं वाटतं. त्याची सिगारेट सुटली तेव्हा तिने असेच हात जोडले होते, आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही ती 'सुटलास' असंच म्हणाली होती. मला मात्र बरं वाटलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात मुळात फार काही धरलंच नाही, तो हातातली एकुलती एक गोष्ट सोडतो म्हणाला की मी हातातलं काम टाकून बस पकडते.

मामा कवळ्या करतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर पुढे बसतात, काचेच्या दारामागे, जिथे मऊ खुर्च्या आहेत आणि पेटीत मासे फिरत असतात. मामा मागे बसतो. मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, जेवणघरातून ताटं सरकवायला असते तशी. तिच्यातून डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्याचा ठसा आत सरकवतात. मामा त्यात प्लास्टर ओततो, ते घट्ट झालं की जबडा हातात येतो, मग त्यावर मेणात एकेक दात बसवायचा. सगळं जमलं की मेणाच्या जागी गुलाबी हिरडी, मग कानस, मग पॉलिश, आणि तयार कवळी त्याच खिडकीतून बाहेर. पलीकडे कोणीतरी ती घालतं, आरशात बघतं, हसतं. मामाला ते हसू ऐकू येतं, दिसत नाही. इतक्या वर्षांत त्याने गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं भरून काढली असतील, पण रस्त्यात त्यांच्यातलं कोणी समोर आलं तर तो ओळखणार नाही. "आ केलं तर ओळखीन," असं म्हणतो.

एक गोष्ट त्याने मला लहानपणीच सांगितली होती. सगळे दात एका रांगेत सरळ बसवले की कवळी लांबूनच ओरडून सांगते, मी कवळी आहे. म्हणून मामा पुढचा एक दात जरासा तिरका बसवतो. अगदी जरासा. मग लोकांना वाटतं, दात माणसाचा आहे.

अशा माणसाच्या हाती गेम कसा लागला, तर त्याला कारणही दातच. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर आणला. आता जबडा पडद्यावर दिसणार, तो माऊसने गोल फिरवून बघायचा, दात तिथेच बसवायचे. मामाला पडद्यावरचा जबडा काही केल्या फिरवता येईना. उजवीकडे न्यायला जावं तर जबडा उलटा होऊन टाळू दाखवायचा. शिकवायला आलेल्या माणसाने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "अहो, एखादा गेम खेळा थोडे दिवस. हात आपोआप बसेल." जाता जाता त्यानेच एक गेम टाकून दिला. जगभरचे लोक एकाच वेळी खेळतात तसला. मामाने तो औषधासारखा सुरू केला, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

हात बसला. गेम मात्र राहिला.

त्या गेममध्ये मोठी नदी होती. अलीकडच्या काठावर मीठ आणि लाकूड मिळायचं, पलीकडे बाजार. मधे तराफा. तराफ्याला जाड दोर, आणि तो ओढायला चार माणसं लागायची. चार म्हणजे चारच. तिघांनी जीव काढून ओढला तरी तराफा ढिम्म हलायचा नाही. त्यामुळे काठावर येऊन चौथ्याची वाट बघत बसावं लागे. तिथे शेकोटी होती, तिच्याभोवती ओंडके. लोक बसायचे आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्याने बोलायचे. म्हणजे टाइप करायचे. मामा उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचा, त्या बोटाला बहुतेक वेळा प्लास्टर लागलेलं असायचं.

तिथे त्याला दोघं भेटली. नावं अर्थातच खोटी. एकाने स्वतःचं नाव घुबड ठेवलं होतं. तो कुठे राहतो हे त्याने कधी सांगितलं नाही, पण मामाची संध्याकाळ व्हायची तेव्हा त्याच्याकडे उजाडत असे, आणि रात्रपाळी करून आल्यासारखा तो सगळ्यांवर वैतागलेला असे. दुसरी मास्तरीण. ती खरोखरच मास्तरीण होती, शाळेतून निवृत्त झालेली, पण सवय काही निवृत्त झाली नव्हती. घुबडाने तुटक उत्तर दिलं की ती म्हणायची, पूर्ण वाक्यात सांग. मामाने आपलं नाव ठेवलं होतं कवळी. तिघं नेहमीची, आणि चौथा रोज कोणीतरी नवा. तो येईपर्यंत हे तिघं शेकोटीपाशी.

चौथा आला की त्याला मास्तरीण एकच प्रश्न विचारी. "तुझ्या खिडकीबाहेर काय दिसतं?" हा त्यांचा रिवाजच होऊन बसला. कोणी म्हणे पार्किंग, कोणी म्हणे समुद्र, एकाच्या खिडकीबाहेर बांधकामाची क्रेन होती आणि तिच्यावर बसणारा माणूस त्याला हात करायचा. कोणी उत्तर दिलं की मग दोर ओढायचा. उत्तर दिलं नाही तर, मास्तरीण म्हणायची, तराफा हलणार नाही. हलायचा तो चौघांनी, पण नव्या माणसाला ते खरंच वाटायचं.

पहिल्यांदा मामावर ही पाळी आली तेव्हा त्याची पंचाईत झाली होती. त्याच्या कामाच्या खोलीला खिडकी आहे, पण बाहेर समोरच्या इमारतीची भिंत. मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. भिंतीवर एक पाइप आणि खाली हात पुरणार नाही अशा ठिकाणी अरुंद सज्जा. मामाने प्रामाणिकपणे लिहिलं, भिंत. मास्तरणीने लिहिलं, नीट बघ. मामा उठला, गजांना नाक लावून बघून आला आणि म्हणाला, सज्ज्यावर एक चप्पल पडली आहे. निळ्या पट्ट्याची, रबरी, डाव्या पायाची.

बस्स. त्या चपलेने त्या दोघांना असं काही धरलं की विचारू नका. घुबड म्हणाला, नवराबायकोचं भांडण, बायकोने फेकली. मास्तरीण म्हणाली, छे, नेम इतका वाईट असेल तर बायको नव्हे. मग तिने ठरवलं की वरच्या मजल्यावर कोणीतरी एका पायाने अनवाणी फिरत असणार आणि ते लाजेपोटी चप्पल मागायला खाली येत नाही. रोज गेममध्ये आली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "चप्पल आहे का अजून?" मामा म्हणायचा, आहे. "बरं," ती म्हणायची, आणि मग बाकीचं जग सुरू व्हायचं.

मी अधूनमधून मामाकडे जायचे तेव्हा हे बघितलंय. दवाखाना बंद झालेला, पुढच्या मासेपेटीचा निळा उजेड मधल्या खिडकीतून येतोय, कपाटात ओळीने पांढरे जबडे, आणि मामा पडद्याकडे बघून दात काढतोय. मी म्हणायचे, "मामा, घरी जा की." तो म्हणायचा, "थांब गं, चौथा यायचाय." मला राग यायचा, खरं सांगते. मी एवढी लांबून बस बदलून आलेली आणि हा कुठल्या घुबडाशी बोलतोय! पण त्याचा चेहरा बघितला की राग टिकायचा नाही. आईच्या घरी जेवायला येतो तेव्हा तो इतकं कधीच हसत नाही.

मास्तरणीला कवळी होती. नवीन बसवलेली, आणि बोलताना शीळ वाजायची. शाळेत असते तर पोरांनी जगू दिलं नसतं, असं ती म्हणाली. मामाने एका बोटाने तासभर खपून तिला समजावलं की पुढच्या दातांच्या मागची जागा जरा घासून घे, तुझ्या डॉक्टरला असं असं सांग. पुढे तिने कळवलं की शीळ निम्मी गेली. निम्मीच का गेली याचा मामाने नंतर आठवडाभर विचार केला. कवळीबद्दल पलीकडून काही कळवणारं त्याला आयुष्यात हेच पहिलं माणूस भेटलं होतं, आणि ती कवळी त्याने केलेलीही नव्हती.

फोन नंबर मात्र कोणी कोणाला दिला नाही. तो घुबडाचा नियम होता. इथलं इथे. खरी नावं कळली की माणसं चौकशा करायला लागतात आणि मजा जाते, असं त्याचं म्हणणं. मास्तरणीलाही ते पटलं. मामाला पटलं होतं की नाही कोण जाणे, पण मामा बहुमताच्या विरुद्ध कधी जात नाही.

मग कंपनीने विचारलं. गेम चालवणाऱ्या कंपनीने सगळ्या खेळाडूंना एक प्रश्न धाडला. तुम्हाला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा येतो? आता असा प्रश्न आला की माणूस काय उत्तर देणार! सगळ्यांनी एकमुखाने लिहिलं, तराफ्यापाशी वाट बघण्याचा. घुबडाने शिव्या घालून लिहिलं. मास्तरणीने मुद्देसूद लिहिलं, प्रस्तावनेसकट. मामानेही लिहिलं, चौथा लवकर मिळत नाही. तिघांनी शेकोटीपाशी बसूनच ते लिहिलं, एकमेकांना वाचून दाखवलं आणि खूप हसले.

कंपन्या सहसा ऐकत नाहीत. ही मेली ऐकणारी निघाली. पुढच्या बदलात तराफा एका माणसाने हलायला लागला. काठावर यायचं, पाय ठेवायचा, की आलाच पलीकडचा काठ.

पहिले काही दिवस नुसती चंगळ. घुबड तर दिवसात दहा फेऱ्या मारायचा. मीठ नेलं, लाकूड नेलं, पलीकडे मोठं घर बांधलं, घराला माडी चढवली. शेकोटीपाशी थांबायची कोणाला गरजच उरली नाही. एकदा घुबड तराफ्यावरून जाता जाता मामाला म्हणाला, "सगळं झालं रे माझं. आता करायचं काय?" मामाने म्हटलं, बस जरा. तो म्हणाला, "बसून काय करू?" आणि गेला. त्यानंतर खेळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिव्यासारखं पेटलेलं मामाला कधी दिसलं नाही.

हळूहळू बाकीचेही गळायला लागले. खेळाडूंचा जो सार्वजनिक फळा होता त्यावर जाणारे आपापलं कारण लिहून जात. कोणी म्हणे पैसेवाल्यांची चलती झाली, मोठा तराफा विकत मिळतो. कोणी म्हणे नवी पोरं शिवीगाळ करतात, कोणी म्हणे लबाडी वाढली, कोणी म्हणे काही नवीनच नाही. मामा ते सगळं वाचायचा. मला म्हणाला होता, "खोटं कोणीच लिहीत नाही गं. पण हे सगळं आधीही होतंच की. शिव्या काय, घुबड द्यायचाच."

मास्तरीण काही काळ येत राहिली. पण ती जरा आधी यायची, मामा दवाखाना बंद झाल्यावर. पूर्वी काठावर थांबावंच लागे म्हणून गाठ पडायची. आता ती आली, पलीकडे गेली, बाजार केला, बाहेर पडली. कधीमधी तराफ्यावरून तिचं वाक्य यायचं. "चप्पल आहे का अजून?" मामा बोट उचलून 'आहे' लिहीपर्यंत ती पलीकडे पोचलेली असायची. मग तेही थांबलं. निरोप नाही, काही नाही. आजारी पडली, कंटाळली, की आणखी काही, हे कळायला मार्ग नव्हता. कारण इथलं इथे.

मामाला तिला शोधायचं होतं. दुसरं काही नको होतं त्याला. त्याला एकच जागा माहीत होती, म्हणून तो तिथे जाऊन बसायला लागला. दवाखाना बंद झाला की शेकोटीपाशी हजर, ओंडक्यावर, एकटा. समोरून लोक भराभर नदी पार करतायत. एखादा नवा दिसला की मामा विचारायचा, "तुझ्या खिडकीबाहेर काय दिसतं?" आणि मग ते सुरू झालं ज्याने मला हसू आलं आणि रडूही. नव्या लोकांना वाटायला लागलं की हा माणूसच नव्हे. रोज त्याच वेळी, त्याच ओंडक्यावर, तोच प्रश्न. हे नक्की गेमनेच बसवलेलं बाहुलं, कोडं घालणारं, उत्तर दिलं की बक्षीस देणारं. एकाने फळ्यावर लिहिलंही, कवळी नावाच्या म्हाताऱ्याला काय दिलं की काय मिळतं, कोणाला ठाऊक आहे का? एकाने मामासमोर मिठाचं पोतं ठेवलं आणि बक्षिसाची वाट बघत उभा राहिला. मामाने लिहिलं, "अहो, मी माणूस आहे." तो म्हणाला, "भारी! हे पण बोलतो!" आणि आणखी एक पोतं ठेवलं.

हे सगळं मामाने मला त्या संध्याकाळी सांगितलं, ज्या संध्याकाळी मी बटण शोधायला गेले. तो एका खालच्या जबड्याला कानस लावत होता. मी स्टुलावर बसले होते. सांगताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मिठाच्या पोत्यापर्यंत येऊन तो थांबला आणि मी आपली सहज उठून खिडकीशी गेले, ती प्रसिद्ध चप्पल एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून. गजांना नाक लावलं. भिंत, पाइप, सज्जा. सज्जा रिकामा होता.

"मामा, चप्पल कुठाय?"

"कधीच गेली. भिंतीला रंग द्यायला माणसं आली होती ना, त्यांनी साफ केलं सगळं."

"म्हणजे कधी?"

"आम्ही तिघं बसायचो तेव्हाच की."

"मग तू तिला रोज काय सांगत होतास?"

"आहे म्हणून सांगायचो."

"का पण?"

त्याने कानस पुन्हा चालवायला घेतली. मामाला उत्तर द्यायचं नसलं की त्याच्या हातात नेहमी काहीतरी घासण्यासारखं असतं. गुलाबी भुकटी त्याच्या शर्टावर पडत राहिली. मी परत स्टुलावर येऊन बसले.

"परवा ती आली होती," मामा म्हणाला.

"कोण? मास्तरीण?"

"ऐक तर. मी आपला बसलेलो. शेकोटीपाशी एक बाई येऊन बसली. नाव वेगळं होतं, पण नावं काय, लोक बदलतात. मी काही विचारायच्या आधीच तिने विचारलं. चप्पल आहे का अजून? अगदी तस्संच. मी काय सांगू तुला. दुसऱ्या हाताने बोट धरून लिहिलं मी."

"काय लिहिलंस?"

"सगळं. म्हटलं, कुठे होतीस इतके दिवस? शीळ गेली का पूर्ण? आणि चप्पल कधीच गेली, मी तुला खोटं सांगत होतो, राग मानू नकोस. आणि माझा फोन नंबर दिला. म्हटलं, तो नियमबियम राहू दे, घुबड गेलाय आता. नंबर दोनदा लिहिला, चुकायला नको."

"मग?"

"ती म्हणाली, हो का! मग म्हणाली, आज वारा आहे. आणि मग म्हणाली, चप्पल आहे का अजून?"

मला तेव्हाच कळलं. मामाला तिथे कळलं नव्हतं.

"मला वाटलं रागावली. खोटं बोललो ना तिच्याशी, म्हणून टोमणा मारतेय. मी सॉरी म्हटलं. म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो. ती म्हणाली, हो का! आज वारा आहे."

कंपनीचं ऐकणं अजून संपलं नव्हतं. काठ ओसाड दिसतो अशी लोकांनी तक्रार केली होती, म्हणून त्यांनी काठावर बाहुली आणून बसवली होती, आणि पूर्वी तिथे बसणारे लोक जे बोलायचे त्यातलीच वाक्यं उचलून त्या बाहुल्यांच्या तोंडी घातली होती. 'काठ पुन्हा गजबजला!' अशी त्याची जाहिरातही होती. मामाने ती नंतर वाचली.

माझं डोकंच फिरलं. कोणावर तरी ओरडायला हवं होतं, पण ओरडणार कोणावर? कंपनी कुठे असते, कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? म्हणून मी मामावरच ओरडले. "तुला पहिल्या 'हो का'लाच कळायला हवं होतं!"

"हो ना," मामा म्हणाला. त्याने हातातली कवळी उजेडात धरली आणि पुढच्या एका दातावरून अंगठा फिरवला, त्या जराशा तिरक्या दातावरून. "मी तर आयुष्यभर हेच करतो. एक दात वाकडा ठेवला की लोकांना खरं वाटतं. आणि मीच फसलो गं."

मग हळूच म्हणाला, "त्याचं काही नाही. फसतो माणूस. पण कळल्यावरही मी उत्तर दिलं. काल गेलो, तिने विचारलं, मी दिलं उत्तर. तिने परत विचारलं, परत दिलं. बराच वेळ बसलो होतो. बरं वाटत होतं. आणि मग मला भीती वाटली. म्हटलं, आता उठायला हवं. म्हणून तुला फोन केला."

मी उठले. त्याच्या शर्टावरची भुकटी झटकली, तेवढंच. इतका एकटा माणूस माझ्या इतक्या जवळचा आहे आणि मी आपली दोन बस लांब राहते म्हणून महिना महिना येत नाही, याचं मला तिथे रडूच आलं. त्याने बघितलं नाही, किंवा न बघितल्यासारखं केलं.

बटण खरंच लपवलेलं होतं. तीन पानं उलटून आत गेल्यावर सापडलं. पण दाबू देतील तर ना! आधी विचारणा. 'तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात?' आणि खाली कारणं, त्यातलं एक निवडायचं. मी मोठ्याने वाचली. गेम फार अवघड आहे. गेम फार सोपा आहे. इतर खेळाडूंचा त्रास होतो. वेळ मिळत नाही. खूप वाट पाहावी लागते.

"वाट पाहावी लागत नाही, असं आहे का त्यात?" मामाने विचारलं.

"नाही. पाहावी लागते, असं आहे."

मामा हसला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. "ते आम्ही देऊन चुकलोय."

"खाली 'इतर' आहे. इथे आपण लिहू शकतो. लिहू? चांगलं खरमरीत लिहिते."

त्याने विचार केला. मला वाटलं, सांगेल काहीतरी, मास्तरणीचं, शेकोटीचं. मी बोटं सरसावून बसले होते.

"नको," तो म्हणाला. "ऐकतात मेले."

मी 'वेळ मिळत नाही' वर टिचकी मारली. शेवटचं बटण आलं. खातं बंद केल्यावर परत उघडता येणार नाही, वगैरे. मी मामाकडे बघितलं.

"एक मिनिट," म्हणत त्याने माऊस माझ्या हातातून घेतला. पडद्यावर नदी आली. मी पहिल्यांदाच नीट बघत होते. छान होती नदी. तराफे ये-जा करत होते, प्रत्येकावर एकेक माणूस. शेकोटी जळत होती आणि ओंडक्यावर शाल पांघरलेली एक बाई बसली होती. मामाचा म्हातारा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"चप्पल आहे का अजून?" तिने विचारलं.

मामाने शर्टाला बोट पुसलं. एकेक अक्षर शोधून त्याने लिहिलं, "आहे." मग माऊस मला परत दिला.

मी बटण दाबलं. नदी गेली, कॉम्प्युटरवर नुसता जबडा राहिला, उद्याच्या कामाचा.

"मामा, ते बाहुलं आहे."

"माहीत आहे."

"मग आता तरी खरं सांगायचंस. परत तर जायचं नाहीये तुला."

मामाने दिवा जवळ ओढला, खुर्ची सरकवली आणि मेणाचा तुकडा हाताने मऊ करायला घेतला.

"नाही म्हटलं," तो म्हणाला, "तर उद्या काय विचारेल ती?"